सगुणाचं नाव

“तुम्ही मयत आहात,” मुल्लाणी मॅडम म्हणाल्या.

त्या हळूच बोलल्या, रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून. तरी माझ्या मागच्या बाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अर्धं पाऊल मागं सरली.

“कोण मयत?”

“सगुणा शिरपती पोवार. तुमचंच नाव ना हे?”

“व्हय.”

“मग बघा.” त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सगुणाचं नाव होतं आणि त्याच्यापुढं लाल अक्षरांत तो शब्द. मी सातवी शिकलेली. शब्द वाचता आला.

वैजू माझ्या कडेवर होती. सात वर्षांची पोर कुणी कडेवर घेत नाही, पण आजऱ्याच्या स्टँडपासून सुविधा केंद्रापर्यंतचा चढ तिला झेपत नव्हता. थोडं चाललं की ती वाटेतच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, आणि ओठ असे व्हायचे की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी आत्ताच जांभळं खाऊन आली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, काळजाला भोक आहे, पावसाळ्याच्या आत उघडून शिवायला हवं. खर्चाचा आकडा त्यांनी चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी उलटी करून माझ्याकडं सरकवली. “आधी विमा काढा, ताई,” एवढंच म्हणाले.

सरकारनं त्या वर्षी आरोग्य विम्याचा बाजारच मांडला होता म्हणा ना. एका पडद्यावर पाच-सहा कंपन्यांचे विमे, एकट्याचा वेगळा, कुटुंबाचा वेगळा. आपल्याला झेपेल तो निवडायचा, हप्त्याचा निम्मा वाटा सरकार घालणार. एकट्याच्या विम्यात जुनं दुखणं दोन वर्षं बसत नव्हतं. कुटुंबाच्या विम्यात पहिल्या दिवसापासून बसत होतं. मला कुटुंबाचा हवा होता. हप्ता पदराला बांधून आणला होता. त्याची काळजी नव्हती. काळजी एवढीच की नोंदणी उद्या संध्याकाळी बंद होणार होती आणि परत उघडणार ती पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष वैजूच्या वाट्याला होतं की नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

“मॅडम, मी जिती हाय की.”

“दिसतंय मला.” मॅडम हसल्या नाहीत. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पडदा परत आपल्याकडं घेतला. “पण ही नोंद चुकून झालेली नाही. मृत्यूचा दाखला जोडलाय. गाव जांभुळमाळ. बाळंतपणानंतरचा ताप. नोंद कुणी केली, तर आईनं.” त्या थांबल्या. मला नीट न्याहाळलं. “ही बाई खरंच गेलीय. मग तुम्ही कोण?”

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडं लग्न लागलं की नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीच्या कडेनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या वेळी ताट पुढं आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “नवं नाव कशाला? तेच लिव. घरची लक्ष्मी हाय ती ऱ्हाऊ दे. रेशनवरचं नाव बी खोडायला नगं.” चार बायका हसल्या. शिरपतीनं मान खाली घालून तांदळात लिहिलं, सगुणा. ती त्याची पहिली बायको. पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली आणि तिकडंच तापात संपली. मागं राहिली ती वैजू. वरात दारात आली तेव्हा आत पाळण्यात तीच रडत होती. मी तिला उचललं आणि तिनं माझं बोट धरलं. एवढ्याशा मुठीत इतकी ताकद असते हे मला ठाऊक नव्हतं. मग आपलं स्वतःचं नाव काय होतं, याचा विसर पडायला वेळ लागला नाही.

दोन वर्षांमागं शिरपती काविळीनं गेला. पाठोपाठ सासूबाई. काजूच्या कारखान्यात मी बी फोडायला जायचे आणि हजेरीला सगुणा म्हटलं की “हाय” म्हणायचे.

“तुमचं आधार कार्ड?” मॅडमनी विचारलं.

ते माहेरच्या नावाचं होतं, लग्नाआधी काढलेलं. पिशवीच्या तळातून काढून दिलं. मॅडमनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, आकडा घातला, वाट पाहिली.

“हे नाव कुठल्याच घरात नाही.”

“म्हंजे?”

“माहेरच्या कार्डावरनं कमी झालं आणि सासरच्या कार्डावर चढलंच नाही. तिथं तुम्ही दुसरीच्या नावावर जेवत होता. ते नाव आता बंद. सात वर्षांची मुलगी तेवढी उरली आणि एकट्या लहान मुलाचं कुटुंब धरत नाहीत.”

“मग नवं कार्ड काढा.”

“काढते. महिना-दोन महिने जातील. लग्नाचा दाखला आहे का?”

आमच्या लग्नाचा दाखला म्हणजे ते तांदूळ. त्यांचा भात त्याच संध्याकाळी वऱ्हाडानं खाल्ला होता.

मागून कुणीतरी म्हणालं, “ओ बाई, उरका की. आमच्या बी गाड्या हाईत.” मॅडमनी त्या दिशेनं नुसतं पाहिलं. मग माझ्याकडं वाकून म्हणाल्या, “चालू कार्डावर नाव चढवायचं असेल तर मी इथल्या इथं चढवते. कार्डवालीचा अंगठा पुरे. या लेकराचं रक्ताचं कुणी आहे?”

होतं. एकच.

धोंडाक्का. सगुणाची आई.

आमच्याकडं आणखी एक रीत आहे. दुसरेपणावर दिलेल्या मुलीला पहिलीच्या माहेरी न्यायचं. पहिलीच्या आईनं तिची ओटी भरायची, लेकीच्या जागी लेक म्हणायचं. मग ते तिचं माहेर होतं आणि पहिलीच्या लेकराला आई आणि आजी दोन्ही राहतात. लग्नाच्या आठवड्यातच शिरपती मला जांभुळमाळला घेऊन गेला होता. धोंडाक्का नारळ आणि खण घेऊन उंबऱ्यात उभी. डोळे सुजलेले, पण उभी. आणि शिरपती, भला माणूस, मागं वळून मला म्हणाला, “सगुणा, चपला हिकडं काढ.”

धोंडाक्कानं नारळ खाली ठेवला. आत गेली आणि कडी लावली.

त्यानंतर मी त्या दारात गेले नव्हते. दर वर्षी सुगी झाली की आजरा गाडीच्या कंडक्टरबरोबर घनसाळ तांदळाची पिशवी यायची. “पोरगीला भात घाला” एवढाच निरोप असायचा, माझं नाव न घेता. वैजू मात्र जत्रेला आज्जीच्या मांडीवर बसून यायची. मी तोवर देवळामागं थांबायचे.

त्या दुपारी आम्ही जांभुळमाळच्या फाट्यावर उतरलो. फाट्यापासून वाडी चढावर आहे. वैजूला पाठीवर घेतलं. मध्ये आंब्याखाली तिला उतरवलं, तर ती लगेच उकिडवी बसली आणि म्हणाली, “आई, माझ्यात वारा फिराय लागलाय.” मी तिची पाठ चोळत राहिले. वारा फिरायचा थांबला तेव्हा उन्हं कलली होती.

धोंडाक्का ओसरीवर बसून तांदूळ पाखडत होती. सुपाच्या तालावर गुणगुणत होती. लांबून शब्द कळले नाहीत, अंगणात आल्यावर कळले.

भरलं माझं सूप, त्यात घनसाळ सांडला
सगुणाबाईच्या नावानं, डोळा उंबऱ्यात मांडला

मी अंगणातच थांबले. वैजू पाठीवरून उतरली आणि हळूहळू जाऊन तिच्या मांडीला टेकली.

“पोरगी लई वाळली,” धोंडाक्का म्हणाली. पोरीशी बोलल्यासारखं, पण मला. “खायाला काय घालतीस का न्हाईस?”

“खाल्ल्यालं अंगाला लागत न्हाय. काळजाला भोक हाय तिच्या.”

सूप थांबलं.

मी अंगणातूनच सगळं सांगितलं. डॉक्टर, विमा, उद्याची संध्याकाळ. सगुणा असा शब्द आला तेव्हा तिनं हात वर केला. “त्ये नाव तू घेऊ नगंस.”

“न्हाय घेत. तुमचं तुमास्नी परत द्यायलाच आलोय.”

तिनं वैजूच्या केसांतलं भुस्काट काढलं. मग म्हणाली, “मयत म्हणून म्याच लिवून घेतलं. गिरामपंचायतीत जाऊन. लिवत न्हवता त्यो, म्हणला सासरची मानसं येऊ देत. दिवसभर पायरीवर बसलो, तवा लिवलं.”

“कळलं मला.”

“काय कळलं तुला? माझी लेक मेली तवा गावात चार मानसं रडली. वरीस न्हाय झालं, तर बाजारात बायका सांगत्यात, सगुणा नांदाय लागली, सगुणा लावणीला आलती, सगुणानं हिरवं लुगडं नेसलंतं. माझी मेल्याली लेक लोकांच्या तोंडात जिती. मग म्या रडायचं कुणासाठनं?”

मी म्हणाले, “मला बी कुणी इचारलं न्हवतं, आई.”

आई हा शब्द तोंडातून कसा गेला कळलं नाही. तिनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. सुपातले खडे टिपत राहिली. वैजू मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकून चघळत होती.

“चढवतो नाव,” सूप बाजूला ठेवून ती म्हणाली. “उद्या येतो तुज्यासंगं. पन एक सांगतो. पोरगी मग हितंच ऱ्हाईल. कागदावर एक आन चुलीवर दुसरंच, असलं पुन्यांदा मी हू देणार न्हाय. त्यातनंच हे समदं झालंया.”

“आन मी?”

“तू तुज्या घरी.”

कोंबड्या अंगणातून घराकडं निघाल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. वैजूला जेवताना गोष्ट लागते, झोपताना माझ्या हाताचा अंगठा लागतो. काजूच्या तेलानं खाल्लेला, खरबरीत अंगठा. तो गालावर घासला की तिला झोप येते. हे धोंडाक्काला सांगून ठेवायला हवं, असं माझ्या मनात आलं. म्हणजे मनानं आधीच हो म्हटलं होतं.

“चालंल,” मी म्हणाले.

शेवटची गाडी गेली होती. मला ओसरीवर पोतं आणि वाकळ मिळाली. वैजू आत निजली. माझ्या आणि तिच्यामध्ये उंबरा होता.

सकाळी निघताना धोंडाक्कानं कणगीतून ओंजळभर तांदूळ काढले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मी विचारलं नाही. मॅडमला द्यायचे असतील, किंवा गावच्या रवळनाथाला. हातात काही घेतल्याशिवाय आमच्याकडं कामाला कुणी जात नाही.

गाडीत ती खिडकीशी बसली, वैजू तिच्या मांडीवर. हिरण्यकेशीच्या पुलावर गाडी आली तेव्हा वैजूनं विचारलं, “आई, आपुन आता आज्जीकडं ऱ्हायाचं?”

“तू ऱ्हायाचं.”

“आन तू?”

“मी येत जाईन. जत्रंला.”

“जत्रंला तर समदीच येत्यात,” वैजू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. धोंडाक्काही बाहेरच बघत होती.

केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा दिवस म्हणून सगळा तालुका उतरलेला. त्यात यंत्र मध्येच बंद पडायचं, मग मॅडम हात वर करून बसायच्या आणि रांग आपापसात भांडायची. एक म्हातारा सारखा विचारत होता, “म्हशीचा बी निघतोय का हितं?” दुसरा म्हणाला, “निघतोय की, फकस्त म्हशीचा अंगठा आना.” सगळे हसले. मी पण हसले बहुतेक. मग वैजू भिंतीला टेकून बसली आणि तिची नखं निळी दिसली, तेव्हा हसणं थांबलं. जेवणाची वेळ टळून गेली. रांग हलेना. मी प्रत्येक माणसाच्या पाठीकडं बघून म्हणत होते, तू आजारी नाहीस, तू जा. बाई, तुझी पोरं धडधाकट हाईत, तू घरी जा. असले विचार माणूस बोलून दाखवत नाही.

आमची पाळी आली तेव्हा बाहेर उन्हं पिवळी व्हायला लागली होती.

मॅडमनी ओळखलं. “आणलंत आजीला? बसा.” त्यांनी भराभर कार्ड उघडलं. धोंडाक्काचा अंगठा पहिल्या झटक्याला उमटला. वैजयंता शिरपती पोवार, नात, असं नाव चढलं. माझ्या डोळ्यांसमोर एका चौकोनातून पोर उचलली गेली आणि दुसऱ्या चौकोनात ठेवली गेली. एवढंच झालं.

“आता विमा. कुटुंबाचा,” मॅडम म्हणाल्या, आणि कळ दाबली.

पडदा लाल झाला.

त्यांनी परत दाबलं. परत लाल. चष्मा खाली ओढून वाचलं. “आजी, वय काय तुमचं?”

“कुणाला दक्कल? कोयनंचा भूकंप झाला तवा सगुणाच्या बा संगं लगीन झाल्यालं हुतं.”

“प्रमुखाला पासष्टची मर्यादा आहे. मला काल सुचलं नाही विचारायचं. चुकलं माझं.” त्यांनी कपाळ दाबलं. “कार्डावर मोठं दुसरं कुणी? मुलगा, सून, मुलगी?”

“मालक गेलं. लेक एकलीच हुती.”

“मग पोरीचा एकटीचा काढू का?”

“त्यात जुनं दुखणं बसतंय?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“दोन वर्षांनी.”

मागून रेटा आला. कुणीतरी म्हणालं, “खिडकी पाचला बंद हुनार, बाजूला व्हा की वाईच.” मी काउंटरचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं.

“मॅडम, मला सगुणा करा,” मी म्हणाले. “मी सांगतो सगळ्यास्नी, मीच ती. मयत चुकून लिवलं म्हणून सांगतो. तुरुंगात घाला मग, पन आज तेवढं करा. माझं काय बी नाव लिवा. ते लाल तेवढं काढा.”

“तसं नाही होत हो, ताई.”

“मग कसं हुतंय? सांगा की. कसं बी सांगा.”

रांगेतले चार लोक आता गप्प झाले होते. गप्प झालेल्या माणसांचं बघणं अंगाला चिकटतं. वैजू भिंतीपासून उठून माझ्याकडं यायला निघाली, मध्येच उकिडवी बसली, आणि तिथूनच हात वर केला, आत्ता येते, थांब, अशा अर्थानं. कुणी न शिकवता तिनं ते सुरू केलं होतं, मी घाबरू नये म्हणून.

धोंडाक्का तिच्याकडं बघत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “कार्डावर मानूस चढवायला काय लागतंय?”

“एका चुलीवर जेवतो असं तुम्ही सांगायचं, अंगठा द्यायचा. त्या माणसाचं आधार लागतं. दुसऱ्या कुठल्या कार्डावर नाव नको.”

“हिचं हाय कुठं?”

“नाही. कुठंच नाही.”

“मग चढवा. जेवती माझ्या चुलीवर.” मग मान न वळवता मला म्हणाली, “जेवशील न्हवं?”

मी मान हलवली.

मॅडमनी बोटं कळांवर ठेवली. “नातं काय लिहू? मानलेली…”

“मानल्याली न्हवं. माझ्या लेकीच्या जागंवर आल्याली हाय. आमच्यात तिला लेकच म्हणत्यात. म्या म्हणलं न्हवतं, ते आता म्हणतो. लेक लिवा.”

“नाव?”

धोंडाक्कानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

तिला माहीत नव्हतं. सगळा तालुका मला तिच्या लेकीच्या नावानं हाक मारायचा. माझं खरं नाव काय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी तिला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मॅडमच्या पुढ्यात माझं कार्ड होतं, नाव त्यांना दिसत होतं. त्या थांबून राहिल्या.

म्हातारी पुरती वळली. माझ्या लग्नानंतर ती आपल्या उंबऱ्यात उभी राहिली होती तशीच, समोरासमोर.

“तुजं नाव काय गं, बाय?”

मला ते चटकन आलं नाही. ओठांना त्याची सवय राहिली नव्हती. परसातला बंद पडलेला हापसा हापसावा, आधी नुसता वारा यावा, मग घरघर यावी आणि मग पाणी, तसं आलं.

“मालन.”

“मालन,” ती म्हणाली. परत एकदा, चवीला घेतल्यासारखं, “मालन. लिवा मॅडम. धोंडाबाईची लेक मालन.”

मग माझा अंगठा. तो यंत्राला कळेना. काजूच्या तेलानं रेघा खाऊन टाकलेल्या. एकदा नाही, परत नाही, परत नाही. मॅडम घड्याळाकडं बघायला लागल्या. धोंडाक्कानं माझा हात ओढला, अंगठ्यावर तोंडाची वाफ सोडली, पदरानं पुसला आणि आपल्या हातानं काचेवर दाबून धरला. मोडक्या चुलीला लिंपण देताना धरतात तसा. पडदा हिरवा झाला.

“झालं,” मॅडम म्हणाल्या. “कुटुंब तीन माणसांचं. प्रमुख मालन.” हप्ता घेतला, पावती छापली. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर घाम होता.

आम्ही बाजूला झालो. मी वैजूला उचलायला वाकले, तर धोंडाक्का म्हणाली, “थांब. पदर धर.”

“का?”

“धर म्हणतो न्हवं?”

तिनं पदराची गाठ दातानं सोडली. सकाळचे तांदूळ. ओंजळीत घेऊन तिनं ते माझ्या पदरात घातले. नारळ नव्हता, खण नव्हता, हळद-कुंकू तर नव्हतंच. भरणारी विधवा आणि भरून घेणारीही विधवा. आमच्याकडं हे होत नाही. रांगेतल्या एका बाईनं तोंडाला हात लावला. “अगं बाई. रंडक्या बाईची वटी भरत्यात व्हय कुठं?”

“आई लेकीची भरत्या,” धोंडाक्का म्हणाली. “तुजं तांदूळ हाईत काय?”

म्हशीवाला म्हातारा म्हणाला, “भरू द्या हो, भरू द्या,” आणि आपली टोपी काढून हातात धरली.

ते तांदूळ तिनं सकाळी कुणाच्या नावानं बांधले होते, हे मला अजून कळलेलं नाही. पोर काढून घेताना रिकाम्या पदरी धाडू नये म्हणून असतील. किंवा ओसरीवर मी जागी होते तशी ती आत जागी राहिली असेल आणि पहाटे काहीतरी ठरवून उठली असेल. मी एकदा विचारलं होतं. “तांदूळ हुतं, बांधलं,” म्हणाली.

संध्याकाळी जांभुळमाळला पोचलो. मी सवयीनं अंगणात थांबले. वैजू आत गेली, धोंडाक्का आत गेली. चूल पेटल्याचा धूर आला. मग आतून हाक आली, “मालन, अगं भात उतू चाललाय, अशी भाईर काय हुबी हाईस?” उंबरा मी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. भात खरंच उतू चालला होता.

वैजूचं ऑपरेशन मृगाच्या आधी झालं. कोल्हापूरच्या दवाखान्यात पांढऱ्या दारातून तिला नेलं तेव्हा तिनं माझा अंगठा धरून ठेवला होता, तो नर्सनं सोडवला. दाराशी एक माणूस कागद घेऊन बसला होता. आत एकालाच सोडत होते, त्यानं न बघताच विचारलं, “पेशंटचं कोण?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. धोंडाक्कानं मला खांद्याला धरून पुढं ढकललं.

“ही तिची आई,” ती म्हणाली. “आन मी हिची.”